शिकागोची ‘एल’ रेल्वे: वृद्ध आई-वडिलांना घेऊन शहर पाहणाऱ्यांसाठी एक परीक्षण

२०२५च्या सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन मी नेपरव्हिलला धाकट्या भावाच्या घरी महिनाभर राहिले. नेपरव्हिल हे शिकागोच्या पश्चिमेचे उपनगर. तिथे, शेजारच्या ऑरोरात आणि वायव्येकडच्या शॉमबर्गमध्ये बरीच मराठी कुटुंबे राहतात, आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांना बहुतेक घरांत पहिल्याच रात्री जेवताना एक सूचना मिळते: शहरात जायचे ते गाडीने, आणि दिवेलागणीच्या आत घरी परतायचे. माझा भाऊही तेच म्हणाला. “ताई, बाबांना सगळं दाखव, पण एलच्या फंदात पडू नकोस. तिथे काहीही होऊ शकतं.” त्याची काळजी मनापासूनची होती आणि तिला आधारही होता. पण कामाच्या दिवशी त्याला आम्हाला फिरवणे शक्य नव्हते, आणि शहराच्या मध्यभागी दिवसभर गाडी उभी करण्याचे दर पाहिल्यावर बाबांनीच रेल्वेचा नकाशा मागून घेतला. त्यानंतर आम्ही शहरात नऊ दिवस फिरलो आणि ते नऊही दिवस एलनेच फिरलो. बाबा पंचाहत्तर वर्षांचे आहेत, आईचे गुडघे दुखतात, आणि मला त्या शहराची आधी काहीही माहिती नव्हती. त्यामुळे ही सेवा मी ज्या नजरेने पाहिली, ती तिथल्या रोजच्या प्रवाशाची नसून वृद्धांना सांभाळत शहर पाहायला निघालेल्या पाहुण्याची आहे, हे सुरुवातीलाच सांगते.

‘एल’ म्हणजे रस्त्याच्या वर लोखंडी खांबांवर चालणारी रेल्वे. नाव उन्नत मार्गावरून पडले असले तरी आज तिचे काही भाग भुयारात आहेत, काही जमिनीवर, तर काही चक्क महामार्गाच्या मधल्या पट्ट्यात. पहिली गाडी ६ जून १८९२ रोजी वाफेच्या इंजिनावर धावली आणि पुढच्याच वर्षी जागतिक प्रदर्शनासाठी हा मार्ग दक्षिणेला जॅक्सन पार्कपर्यंत नेण्यात आला. १८९७ साली शहराच्या व्यापारी भागाला चारही बाजूंनी वेढणारा चौकोनी मार्ग पूर्ण झाला. त्यालाच ‘लूप’ म्हणतात, आणि त्याच्या आतला व आजूबाजूचा भागही आज त्याच नावाने ओळखला जातो. शिकागो ट्रान्झिट अथॉरिटी ही सार्वजनिक संस्था १९४७पासून ही सेवा चालवते. एकूण आठ मार्ग असून प्रत्येकाला रंगाचे नाव आहे. त्यांपैकी रेड आणि ब्लू हे दोन चोवीस तास चालतात, आणि ही गोष्ट सोयीची जितकी आहे तितकीच पुढे सांगणार असलेल्या अडचणींच्या मुळाशीही आहे.

तिकिटाची पद्धत सोपी आहे. व्हेंट्रा नावाचे कार्ड स्थानकातल्या यंत्रावर मिळते. ते प्रवेशद्वारावर टेकवायचे आणि आत जायचे. बाहेर पडताना काही करावे लागत नाही. आम्ही गेलो तेव्हा एका फेरीचे भाडे अडीच डॉलर आणि एका दिवसाचा पास पाच डॉलर होता. एकाच कार्डात पैसे भरून तेच कार्ड तिघांसाठी तीनदा टेकवता येते, मात्र पास घेतला तर तो प्रत्येकाचा वेगळा घ्यावा लागतो. संपर्करहित बँक कार्डही चालते, पण भारतीय बँकेचे कार्ड असेल तर प्रत्येक वेळी परकीय चलनाचे शुल्क कापले जाण्याची शक्यता असते, म्हणून व्हेंट्रा बरे. ज्येष्ठांची सवलत अर्ज करून मिळणाऱ्या वेगळ्या ओळखपत्रावर असते, त्यामुळे पाहुण्यांनी पूर्ण भाडे धरूनच हिशेब करावा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही स्थानकांत दोन दिशांच्या फलाटांची प्रवेशद्वारे वेगवेगळी आहेत. चुकीच्या बाजूने आत गेल्यास बाहेर येऊन पुन्हा भाडे भरण्याची वेळ येऊ शकते. कार्ड टेकवण्यापूर्वी वरची पाटी शांतपणे वाचण्याची सवय आम्ही तिसऱ्या दिवसापासून लावून घेतली.

शहर पाहण्याचे साधन म्हणून एलला तोड नाही, आणि हे मी विशेषतः ब्राउन लाइनच्या जोरावर म्हणते. उत्तरेकडच्या किंबॉल स्थानकापासून लूपपर्यंतचा हा प्रवास साधारण पाऊण तासाचा आहे. सुरुवातीला गाडी जमिनीवरून, फाटकांच्या मधून जाते. मग हळूहळू वर चढते आणि विटांच्या दुमजली-तिमजली घरांच्या मागच्या बाजू दिसू लागतात. प्रत्येक घराला मागे लाकडी जिना आणि लाकडीच सज्जा आहे. त्यावर कुंड्या, सायकली, वाळत घातलेले कपडे दिसतात. पर्यटकांच्या बसमधून शहराचा फक्त दर्शनी भाग दिसतो. इथे माणसे राहतात ती बाजू दिसते. आईला शहरातल्या उंच इमारतींपेक्षा हे जिनेच अधिक आवडले. फुलर्टन स्थानकानंतर रेड लाइन भुयारात शिरते, ब्राउन लाइन मात्र वरच राहते आणि पुढे एकेक उंच इमारत जवळ येऊ लागते. मर्चंडाइज मार्ट ही १९३०ची अवाढव्य इमारत लागली की पुढच्या क्षणी गाडी वेल्स स्ट्रीटच्या दुमजली पुलावरून शिकागो नदी ओलांडते. खालच्या मजल्यावर मोटारी, वरच्या मजल्यावर आपली गाडी, दोन्ही बाजूंना नदीच्या काठाने उभ्या असलेल्या इमारतींची रांग. हे दृश्य जेमतेम अर्ध्या मिनिटाचे असते. त्यासाठी डावीकडची खिडकी धरावी, कारण मरिना सिटीचे मक्याच्या कणसासारखे दोन गोल मनोरे पूर्वेला, म्हणजे लूपकडे जाताना डाव्या हाताला दिसतात.

नदी ओलांडल्यावर गाडी लूपमध्ये शिरते. ब्राउन लाइन घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरते, ऑरेंज आणि पिंक घड्याळाच्या दिशेने. एकाच स्थानकावर दोन फलाटांवर दोन उलट दिशांच्या गाड्या येत असल्यामुळे पहिल्या दिवशी आमचा गोंधळ झाला आणि आम्ही एक पूर्ण चक्कर मारून परत त्याच जागी आलो. त्याने नुकसान काही झाले नाही. वळणावर चाके कर्कश आवाज करतात आणि गाडी तिसऱ्या-चौथ्या मजल्यांवरच्या कचेऱ्यांच्या खिडक्यांच्या इतकी जवळून जाते की आत बसलेल्या माणसाच्या टेबलावरचा कप दिसतो. लूपमधले क्विन्सी स्थानक मुद्दाम उतरून पाहावे. ते १८९७च्या मूळ रूपात जतन केलेले आहे, तिथे लिफ्टही आहे, आणि विलिस टॉवर तिथून अगदी जवळ आहे. १९७४ साली पूर्ण झालेल्या त्या ११० मजली, ४४२ मीटर उंच इमारतीची रचना ज्यांनी बांधली ते अभियंते फझलूर रहमान खान मूळचे ढाक्याचे. नऊ नळ्या एकत्र बांधाव्यात तशी ती इमारत उभी आहे, हे क्विन्सीच्या फलाटावरून मान वर करून पाहिले की नीट कळते. १०३व्या मजल्यावरच्या काचेच्या सज्ज्यात उभे राहून ते कळत नाही.

आमचा सर्वांत महत्त्वाचा दिवस ११ सप्टेंबरचा होता. १८९३ साली याच तारखेला स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत पहिले भाषण केले ती इमारत म्हणजे आजचे आर्ट इन्स्टिट्यूट. भाषण झाले ते तात्पुरते दालन आता राहिलेले नाही, पण इमारत तीच आहे, आणि बाबांना त्या तारखेला तिथे उभे राहायचे होते. संग्रहालयाला सर्वांत जवळचे स्थानक ॲडम्स-वॉबॅश. मात्र तिथे लिफ्ट नाही आणि जिना उंच आहे. म्हणून आम्ही वॉशिंग्टन-वॉबॅश या २०१७ साली उघडलेल्या स्थानकावर लिफ्टने उतरलो, वाटेत मिलेनियम पार्कमध्ये मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे ‘क्लाउड गेट’ पाहिले आणि मिशिगन ॲव्हेन्यूने चालत दक्षिणेकडे गेलो. स्टीलच्या १६८ पत्र्यांतून घडवलेल्या त्या चकचकीत पृष्ठभागात आकाश आणि गर्दी एकत्र दिसते. मुले, म्हातारी, नवरा-नवरी असे सगळे तिथे हसत उभे होते. संग्रहालय सध्या मंगळवारी आणि बुधवारी बंद असते, तेव्हा निघण्यापूर्वी वार नक्की पाहावा.

त्याच इमारतीच्या मोठ्या जिन्यावर २०१० साली मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी विवेकानंदांच्या भाषणाचे शब्द पायरीपायरीवर दिव्यांच्या अक्षरांत मांडले होते. त्या अक्षरांसाठी त्यांनी पाच रंग निवडले, आणि ते रंग अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने २००१च्या हल्ल्यानंतर ठरवलेल्या धोक्याच्या पातळ्यांचे होते. आज धोका पिवळा, उद्या केशरी, असे अख्ख्या देशाला एकच रंग लावणारी ती पद्धत २०११मध्ये बंद करण्यात आली. तो जिना चढताना मला जेवणाच्या टेबलावरची सूचना आठवली. आपण नातेवाईक मंडळीही शिकागोला असाच एक लाल रंग लावून मोकळे होतो. त्याने पाहुण्याचे संरक्षण होत नाही, कारण कुठे थांबायचे आणि कुठे निर्धास्त फिरायचे हे त्यातून कळतच नाही.

सुमारे सत्तावीस लाख लोकवस्तीच्या या शहराचे ७७ विभाग आहेत. २०२१ साली इथे सुमारे आठशे खून झाले, २०२४मध्ये ती संख्या सहाशेच्या आत आली. लहान संख्या नाहीच ती. पण बंदुकीची ही हिंसा शहरभर सारखी पसरलेली नाही. दक्षिण आणि पश्चिम भागांतल्या ठरावीक वस्त्यांत ती एकवटलेली आहे, आणि वर्णभेदाने आखलेल्या वस्त्या, बंद पडलेले कारखाने आणि दशकानुदशके न पोहोचलेला पैसा ही तिची कारणे आहेत. त्या वस्त्यांतली माणसे आपल्यापेक्षा अधिक भोगतात आणि रोज त्याच एलने कामाला जातात. पाहुण्याने त्या वस्त्यांकडे तमाशा म्हणून जाऊ नये, आणि तिथल्या माणसाला गाडीत पाहून आक्रसून बसू नये, असे मला फार वाटते. आम्हाला जिना चढताना आईची पिशवी उचलून देणारी, चुकीच्या फलाटावरून हाताला धरून बरोबर फलाटावर आणून सोडणारी बहुतेक माणसे कृष्णवर्णीय होती.

आता सावधगिरीचे मुद्दे, जे आम्हाला वापरून पटले. पहिला वेळेचा. सकाळी सातपासून रात्री साधारण नऊपर्यंत, म्हणजे डब्यात कामावर जाणारी-येणारी माणसे असतात तोवर, लूप आणि उत्तरेकडच्या मार्गांवर वृद्धांना घेऊन फिरताना आम्हाला कुठेही भीती वाटली नाही. त्यानंतर डबे ओस पडू लागतात. रेड आणि ब्लू लाइन रात्रभर चालत असल्याने ज्यांना घर नाही अशी माणसे, थंडीत तर अधिकच, त्यांत रात्र काढतात. त्यांतल्या बहुतेकांना फक्त झोपायचे असते. पण मानसिक आजाराने किंवा नशेने बेभान झालेला एखादाही त्या डब्यात असू शकतो, आणि मग बंद दारांमागे पुढच्या स्थानकापर्यंतचा वेळ फार लांब वाटतो. २ सप्टेंबर २०२४च्या पहाटे ब्लू लाइनच्या फॉरेस्ट पार्ककडे जाणाऱ्या गाडीत झोपलेल्या चार प्रवाशांना एका माणसाने गोळ्या घालून मारले. ही घटना मी आई-बाबांपासून लपवली नाही. अशी घटना विरळ असली तरी रात्री उशिरा रिकाम्या डब्यात न बसण्याचा निर्णय घेण्यासाठी ती पुरेशी आहे. रात्री नऊनंतर आम्ही टॅक्सीच केली.

दुसरा मुद्दा डब्याचा. फलाटावर शक्यतो मध्यभागी, कर्मचारी किंवा इतर प्रवासी जवळ असतील तिथे उभे राहावे. पहिल्या डब्यात चालक असतो, म्हणून शंका असेल तेव्हा पहिला डबा निवडावा. गर्दीच्या वेळी सगळे डबे भरलेले असताना एकच डबा मोकळा दिसला, तर त्याला आनंदाने धावत जाऊ नये. आत धूर, दुर्गंध किंवा कुणाचा तरी आरडाओरडा असण्याची शक्यता मोठी असते. गाडीत धूम्रपानास बंदी आहे, पण ती सर्रास मोडली जाते, आणि या सेवेविषयी शहरातल्या प्रवाशांची ही जुनी तक्रार आहे. दमेकरी माणसाला याचा त्रास होतो. डब्यात कुणी ओरडू लागले तर त्याच्याशी नजर न भिडवता, उत्तर न देता, पुढच्या स्थानकावर उतरून शेजारच्या डब्यात जावे. चालत्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाण्यास मनाई आहे आणि ते खरोखर धोक्याचे आहे. दाराजवळ निळे बटण असते. ते दाबले की थेट चालकाशी बोलता येते. आईला इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटतो, म्हणून डब्याचा क्रमांक कुठे लिहिलेला असतो आणि बटण दाबून ‘हेल्प’ एवढा एक शब्द व डब्याचा क्रमांक सांगायचा, हे मी तिला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवले. तशी वेळ आली नाही.

तिसरा मुद्दा मोबाइलचा, आणि सामान्य पाहुण्याच्या बाबतीत मला हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या डोळ्यांदेखत एका तरुणीच्या हातातला फोन दार बंद होता होता एका मुलाने हिसकावला आणि तो फलाटावर उतरून पळाला. ती दाराला लागूनच्या आसनावर बसून नकाशा पाहत होती. सगळे तीन सेकंदांत झाले. दाराजवळच्या आसनावर बसून फोन हातात धरू नये, खिडकीकडे बसावे, आणि नकाशा स्थानकात शिरण्यापूर्वीच पाहून घ्यावा. मुंबईच्या लोकलमध्ये दारात उभे राहून फोनवर बोलणाऱ्याला आपण जे सांगतो तेच हे आहे. फोन रुळांवर पडला तर काहीही झाले तरी खाली उतरू नये. बाजूने जाणाऱ्या तिसऱ्या रुळात ६०० व्होल्टचा विद्युतप्रवाह असतो, कर्मचाऱ्याला सांगावे. रस्त्यावर देणगी मागत मोबाइलवरून पैसे पाठवण्याचा आग्रह धरणारे भेटतात. त्यांच्या हाती फोन कधीही देऊ नये, कारण अनलॉक केलेल्या फोनमधून खाते रिकामे व्हायला वेळ लागत नाही.

ठिकाणांचा विचार मार्गाप्रमाणे करावा, कारण एकाच रंगाच्या मार्गावर परिस्थिती बदलत जाते. ग्रीन लाइनचे उदाहरण देते. पश्चिमेला तिच्या शेवटच्या टप्प्यात ओक पार्क हे शांत, झाडीचे गाव लागते. वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांचे घर व कार्यशाळा आणि त्यांनी बांधलेले युनिटी टेंपल तिथे आहे; २०१९ साली युनिटी टेंपलचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. पण तिथे पोचण्यापूर्वी गाडी शहराच्या पश्चिम भागातल्या हलाखीच्या वस्त्यांतून जाते. याच वस्त्यांच्या मधे कन्झर्व्हेटरी स्थानकाला लागून गारफिल्ड पार्क कन्झर्व्हेटरी आहे. १९०८ साली उद्यानरचनाकार येन्स येन्सन यांनी उभारलेले हे प्रचंड काचगृह आणि त्यातले नेच्यांचे दालन मी शिकागोत पाहिलेल्या सगळ्यांत सुंदर जागांपैकी एक मानते. भावाच्या मते तिकडे जाणे म्हणजे वेडेपणा होता. आम्ही आधी वेळ नोंदवून, सकाळी अकराला गेलो, स्थानकातून उतरून थेट काचगृहात शिरलो, दोन तास नेच्यांच्या ओल्या सावलीत बसलो आणि तसेच स्थानकावर परतलो. आजूबाजूच्या रस्त्यांवर भटकलो नाही, दागिने घातले नाहीत, अंधार पडण्याची वाट पाहिली नाही. आई केळीच्या घडासमोर बराच वेळ उभी होती. एक लाल रंग सगळ्या शहराला लावला असता तर ही जागा आमच्या हातून गेली असती.

दक्षिणेला हाइड पार्कमध्ये शिकागो विद्यापीठ, राइट यांचे रोबी हाऊस आणि विज्ञान-उद्योग संग्रहालय आहे. ते संग्रहालय १८९३च्या प्रदर्शनातल्या कलादालनाच्या इमारतीत आहे. तिथे एलने जाऊन पुढे बस बदलण्यापेक्षा शहराच्या मध्यातून सहा क्रमांकाची बस घ्यावी. ती मिशिगन सरोवराच्या काठाने जाते आणि वृद्धांना चढ-उतार कमी पडतो. लिंकन पार्कमधले प्राणिसंग्रहालय विनामूल्य आहे. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय आणि पाकिस्तानी दुकानांपर्यंत एल जात नाही. रेड लाइनने लोयोला स्थानकावर उतरून १५५ क्रमांकाची बस धरावी. त्या रस्त्याच्या एका भागाला गांधी मार्ग असे मानद नाव आहे आणि बाबांना तिथे तीन आठवड्यांनी मनाजोगा चहा मिळाला. किशोरवयीन मुले बरोबर असतील तर त्यांना संध्याकाळी मिलेनियम पार्कमध्ये एकटे सोडू नये. २०२२पासून गुरुवार ते रविवार संध्याकाळी सहानंतर मोठ्या माणसाशिवाय अल्पवयीनांना तिथे प्रवेश नाकारण्याचा नियम करण्यात आला होता. जाण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्यावा. विद्यार्थ्यांसाठीही एक सांगणे आहे. इलिनॉय राज्यात १ जानेवारी २०२०पासून गांजाची विक्री कायदेशीर आहे, त्याचा वास रस्त्यांवर येतो आणि दुकानेही उघड आहेत, परंतु संघराज्याच्या कायद्यात तो अजून निषिद्ध आहे. व्हिसावर आलेल्या माणसाने त्या दुकानाची पायरी चढून स्वतःचा व्हिसा धोक्यात घालू नये.

सेवेच्या उणिवा स्पष्ट मांडायला हव्यात. सर्वांत मोठी उणीव लिफ्टची. अनेक स्थानके शंभर वर्षांपूर्वीची असल्याने बऱ्याच ठिकाणी केवळ जिना आहे. सगळी स्थानके सुगम करण्याची योजना २०१८मध्ये जाहीर झाली, पण तिला वीस वर्षांची मुदत आहे. नकाशात ज्या स्थानकाजवळ चाकखुर्चीचे चिन्ह आहे तिथेच उतरायचे, असा नियम आम्ही केला, आणि लिफ्ट त्या दिवशी चालू आहे ना, हे संकेतस्थळावर सकाळी पाहण्याची सवय ठेवली. दुसरी उणीव स्वच्छतागृहांची. प्रवाशांसाठी ती स्थानकांवर जवळजवळ नसतातच, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसांबरोबर फिरताना दिवसाची आखणी त्यावरच ठरते. लूपमध्ये दोन जागा हमखास: वॉशिंग्टन रस्त्यावरचे शिकागो कल्चरल सेंटर आणि स्टेट व व्हॅन ब्युरेन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचे हॅरॉल्ड वॉशिंग्टन ग्रंथालय. दोन्ही सार्वजनिक, विनामूल्य आणि बसायला जागा असलेली. कल्चरल सेंटरचा टिफनी काचेचा घुमट पाहण्यासाठी तर एरवीही जावे. आवाजाचा उल्लेख करायला हवा. लूपमधल्या रस्त्यावर गाडी डोक्यावरून जात असताना बोलणे थांबवावे लागते, आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्या बाबांना त्याचा त्रास झाला. हिवाळ्यात येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की फलाट उघडे असतात आणि सरोवरावरचा वारा हाडांत शिरतो. फलाटावर डोक्यावरच्या उष्ण दिव्यांचे बटण असते, त्याखाली उभे राहावे. वृद्धांना जानेवारी-फेब्रुवारीत या गाडीने फिरवावे असे मी म्हणणार नाही.

उपनगरातून येणाऱ्यांसाठी जोडणी सोपी आहे. नेपरव्हिलहून मेट्रा या उपनगरी रेल्वेची गाडी युनियन स्टेशनवर येते, तिचे तिकीट वेगळे असते. तिथून नदीवरचा पूल चालत ओलांडला की क्विन्सी स्थानक दहा मिनिटांच्या आत. संध्याकाळनंतर मेट्राच्या गाड्या विरळ होतात, म्हणून परतीची वेळ सकाळीच कागदावर लिहून बाबांच्या खिशात ठेवत असू. रात्री टॅक्सी बोलावताना वॅकर ड्राइव्हपासून जपावे. हा रस्ता एकावर एक अशा मजल्यांचा आहे, फोनच्या नकाशाला कोणता मजला हे कळत नाही, आणि वाहन खाली व आपण वर असे होते. एक चौक आत, साध्या रस्त्यावर, एखाद्या हॉटेलच्या दारात उभे राहून बोलवावे.

दिवसाच्या प्रवासासाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन. रात्री नऊनंतर, वृद्ध किंवा लहान मुले बरोबर असताना, दोनच. विमानतळाविषयीही याच हिशेबाने ठरवावे. ओहेअरहून ब्लू लाइन सुमारे पाऊण तासात लूपमध्ये आणते, आम्ही गेलो तेव्हा तिथे चढताना नेहमीच्या भाड्याऐवजी पाच डॉलर लागत होते, आणि मिडवेहून ऑरेंज लाइन त्याहून लवकर पोचवते. दिवसा उतरणाऱ्या, एकेकच पेटी असलेल्या धडधाकट प्रवाशाने हाच मार्ग घ्यावा. मुंबईहून वीस-बावीस तासांचा प्रवास करून रात्री उतरलेल्या, दोन-दोन मोठ्या पेट्या आणि गुंगी घेऊन उभ्या असलेल्या आई-वडिलांना मात्र न्यायला मुलाने गाडी घेऊनच जावे.